माळावर वाढलेलं पान

हर्षाने गणपतरावांना दंडाला धरून शिळेवरून उठवलं.

"काका, थडगं आहे ते. तीन हजार वर्षं जुनं."

"अरे बापा! मी तं बाक समजून बसलो ना!" म्हणत त्यांनी घाईघाईने पँट झटकली. बाकीची मंडळी पोट धरून हसली.

काटोल रोडपासून आतल्या माळावर मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं पसरली होती. दर रविवारी हर्षा नागपूरकरांना गाडीत घालून असं काहीबाही दाखवायला आणायची. लोक ताजमहाल दोनदा पाहून येतात आणि गावाबाहेरचा माळ त्यांना ठाऊक नसतो, हा तिचा नेहमीचा टोमणा. आज तिने सासूलाही सोबत घेतलं होतं. प्रेमिलाबाई घरात बसून सुकत चालल्या होत्या.

कोरोनात अश्विन गेला. हर्षाचा नवरा, प्रेमिलाबाईंचा एकुलता एक. दवाखान्यातून गाडी परस्पर घाटावर गेली, कोणाला तोंडही पाहता आलं नाही. तेव्हापासून दर पितृपक्षात हर्षा त्याच्या आवडीचा स्वयंपाक करायची, पण प्रेमिलाबाई त्याच्या नावाचं पान वाढू द्यायच्या नाहीत. "मी पाह्यलं नाही त्याले गेलेलं," एवढंच म्हणायच्या. त्यामुळे घरात अश्विन धड असलेला नव्हता की गेलेलाही नव्हता. सासूसमोर रडायचीही चोरी. हर्षाला वाटायचं, एकदा या बाईने पान वाढावं, म्हणजे दोघीही सुटू.

"नियम ऐका," तिने मंडळींना सांगितलं. "शिळांवर बसायचं नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, खायचं काही ठेवायचं नाही. पुरातत्त्व खात्याकडे एक तक्रार गेली की माझं इथे येणं बंद."

मग ती सांगू लागली. अशा वर्तुळांच्या पोटात लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या, तांब्याचे दागिने, घोड्याची हाडं आणि लगाम, मातीची भांडी. फोटो काढणारे फोटो काढत होते. प्रेमिलाबाई मात्र डोक्यावर पदर ओढून कान देऊन ऐकत होत्या.

"भांडे काहून ठेवले वं?"

"वाटंत जेवाले, आई. गेलेल्या माणसाले."

"अन् हे एवढाले धोंडे कोणं आणले?"

"त्याच्याच माणसाईनं. लांबून वढत आणले असतीन."

प्रेमिलाबाईंनी एका धोंड्यावर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

दुपारी सगळे पळसाच्या सावलीत डबे उघडून बसले. पोळीचा पहिला घास मोडताना हर्षाच्या लक्षात आलं, सासू शेजारी नाही. तिने वळून पाहिलं. वर्तुळाच्या कडेला चपला काढून प्रेमिलाबाई बसल्या होत्या. शिळेला टेकून पळसाचं पान मांडलेलं, आणि त्यावर पोळी, भात, वांग्याची भाजी.

हर्षा धावतच गेली.

"आई, इथं नाही ठेवत ना! आताच सांगतलं मी."

"कोण कुठचे ते लोक, हर्षा," प्रेमिलाबाई वर न पाहता म्हणाल्या. "त्याईनं धोंडे वढले. ताट देलं, वाटी देली, घोडा देला. अन् मी माह्या पोराले घोटभर पाणी नाही देलं."

"आपल्याले जाऊच नाही देलं, आई."

"तवा नाही जाऊ देलं. मंग? मंग तं मीच अडून बसली ना वं. इतके वर्सं उपाशी फिरून राहिला असंन तो, माह्या पायी."

म्हातारीने बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि पानाभोवती फिरवलं. अर्धं तिच्याच लुगड्यावर सांडलं.

"अश्विन, जेव बाबू."

हर्षा खाली बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. कोण पाहतंय, काय म्हणतंय, कशाचं म्हणून तिला भान राहिलं नाही. प्रेमिलाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने गणपतराव बिचकत जवळ आले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

"म्याडम, खायचं ठेवाचं नाही म्हणत होत्या ना तुम्ही?"

हर्षाने ओढणीने तोंड पुसलं.

"नाहीच ठेवायचं, काका. उचलते मी," ती म्हणाली. "अश्विनचं जेवण तेवढं होऊ द्या."