सभ्य नकाराचे बटण

सुसंस्कृत समाज कोणालाही दारातून हाकलून देत नाही. तो दिलगिरी व्यक्त करतो. खोली रिकामी असते, तारखा मोकळ्या असतात, पाहुणा ठरलेले भाडे द्यायला तयार असतो. पण त्याचा चेहरा पाहिला की यजमानाच्या घरचा नळ फुटतो, नाहीतर गावाहून मेहुणे येतात. हा अनुभव, वाचकहो, आपल्यापैकी काहींनी घेतला असेल. दिला मात्र पुष्कळांनी असेल.

दोन भावंडांतल्या धाकटीने ही अडचण नेमकी हेरली होती. फक्त हेरली ती यजमानांच्या बाजूने. आपल्या घरातल्या खोल्या दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देणाऱ्यांकरता तिने आणि तिच्या थोरल्या भावाने जेवणाच्या टेबलावर एक अ‍ॅप तयार केले होते. चादरी धुवायला कधी द्यायच्या, किल्ली कोणाकडे ठेवायची, दोन पाहुण्यांच्या तारखा एकमेकांवर आदळू नयेत म्हणून काय करायचे, या सगळ्याची त्यात सोय होती. पण धाकटीचा खरा जीव होता तो ‘सभ्य नकार’ या बटणावर. यजमानाने पाहुण्याचा फोटो पाहायचा, नको वाटल्यास बोट टेकवायचे. सबब अ‍ॅपच पाठवणार.

“लोकांना तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते, दादा. ती लाज आपण काढून घ्यायची.”

“भन्नाट! यजमान नुसते तुटून पडतील,” दादा म्हणाला होता.

त्या जागी लाजेचे काही काम असेल, ही शंका दोघांनाही शिवली नाही. दोघेही उच्चशिक्षित होते.

अ‍ॅपच्या चिन्हात एक वेताची खुर्ची होती, आणि ती उगाच नव्हती. ही भावंडे शाळेत असताना वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी कुटुंब या अनोळखी शहरात आले होते. आईच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग. दवाखान्याजवळच्या प्रत्येक दारात ‘खोली आहे’ ही पाटी होती आणि प्रत्येक दारात खोली नुकतीच गेलेली होती. शेवटच्या दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पायांकडे पाहिले, आणि आतून वेताची खुर्ची ओढत आणली. “आधी बसा हो. पाय केवढे सुजलेत तुमचे!” वडील स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडेपर्यंत ते सगळे त्याच घरी राहिले. त्या बाई म्हणजे काकू. या भावंडांच्या घरात त्यांचे नाव निघाले की आवाज आपोआप खाली येई. आज अ‍ॅपच्या उद्घाटनालाही त्यांनाच बोलावले होते.

सभागृह यजमानांनी भरले होते. काकूंनी चष्मा सावरत पडद्याखालची कळ दाबली, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत, सगळ्यांकडे पाठ करून, आई बसली होती. “पहिली पाहुणी मीच होणार,” असा तिचा हट्ट होता. सकाळीच काढलेला स्वतःचा फोटो लावून तिने एकदम बऱ्याच घरांना विनंत्या पाठवल्या. फोटो दिसत होता तो यजमानांच्या फोनवर. पडद्यावर उमटत होती फक्त उत्तरे.

पहिले उत्तर आले: ‘क्षमस्व. घरातील नळ अचानक फुटला आहे.’

दुसरे आले: ‘क्षमस्व. घरातील नळ अचानक फुटला आहे.’

तिसरेही तेच. सबबी आळीपाळीने याव्यात अशी तजवीज करायची धाकटीकडून राहून गेली होती.

“अगं बाई!” आई हसली. “अख्ख्या शहराचे नळ एकदमच फुटले की काय?”

सभागृहात कोणीतरी खुदकन हसले. मग आईने मागे वळून पाहिले, आणि हसणे जागच्या जागी थिजले. फोनमधला चेहरा समोर बसला होता!

धाकटीने पडद्यावरचे उत्तर पुन्हा वाचले. ते वाक्य तिचे होते. त्यातला ‘क्षमस्व’सुद्धा तिने विचार करून घातला होता. ज्या दारांनी आईला परत पाठवले, ती सगळी दारे तिने एका बटणात कोंबली होती, आणि वर काकूंची खुर्ची काढली होती!

मधल्या रांगेतले एक निवृत्त साहेब घसा खाकरून उठले. “हे पाहा, घर आमचं आहे. कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवणार.”

“घर तुमचंच आहे, साहेब,” काकू म्हणाल्या. “पण ज्या दिवशी भाड्याची पाटी लावलीत, त्या दिवशी दार रस्त्यावरच्या माणसांचंही झालं. आणि नाही म्हणायचंय ना? म्हणा की! फक्त खरं कारण स्वतःच्या हाताने लिहा. ‘बाई, तुमच्या चेहऱ्याची मला किळस येते.’ लिहा, मी थांबते.”

साहेबांचा हात फोनवर होता. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते खाली बसले.

“मी कोणी देवमाणूस नाही,” काकू पुढे म्हणाल्या. “यांना पाहिलं तेव्हा मीसुद्धा क्षणभर दचकले होते. नाही म्हणायला जीभ उचलली आणि माझी मलाच लाज वाटली. तेवढ्या लाजेने दार उघडं राहिलं. असं बटण तेव्हा माझ्याकडे असतं, तर ही लेकरं कुठे गेली असती कोण जाणे.”

धाकटी उठली. “दादा, ते बटण मी काढतेय. आणि खोली पक्की होईपर्यंत पाहुण्याचा फोटोही दिसणार नाही.”

“वेडी आहेस का? अर्धे लोक आत्ता उठून जातील!”

“जाऊ दे.”

“वर्षभराची मेहनत आहे, ताई!” चिडला की तो तिला ताई म्हणे. मग त्याची नजर आईकडे गेली. “काढ,” तो म्हणाला. “माझ्यासमोर काढ.”

खुर्च्या सरकल्या; बरेच जण खरोखरच निघून गेले, अर्थातच दिलगिरी व्यक्त करून. सभागृह विरळ झाले. निवृत्त साहेब मात्र चुळबुळत बसून राहिले आणि शेवटी पहिल्या रांगेपाशी आले.

“बाई,” ते खाली पाहत म्हणाले, “माझ्याकडचा नळ फुटलेला नाही.”

“ठाऊक आहे हो,” आई म्हणाली. “गरम पाणी येतं ना? मग मी येते.”

साहेबांनी मान हलवली, आणि शेजारची खुर्ची ओढून तिच्या बॅगेसाठी पुढे केली.

धाकटी काकूंच्या पायांशी वाकली. “त्या दिवसाचे आभार मानायला हे सगळं केलं, काकू, आणि तेच विसरले.”

“आठवलं ना? मग झालं तर. ऊठ.”

नागरिकहो, आपल्यावर झालेल्या उपकाराचे चित्र काढून भिंतीवर लावणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. जे दार आपल्यासाठी उघडले गेले, ते पुढच्या माणसासाठी उघडे ठेवणे म्हणजे कृतज्ञता. आणि ते लावून घेण्याची वेळ आलीच, तर निदान स्वतःच्या हाताने लावावे, स्वतःच्या तोंडाने कारण सांगावे. तेवढे धैर्य ज्यांच्यात नाही, त्यांनी उगाच नळाला दोष देऊ नये.