न उतरणारा आकडा

विनीताबाई बर्व्यांनी तेवीस वर्षं लखनौच्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली होती. वर्गात पाऊल टाकताच कोण कॉपी करतोय ते त्यांना कळायचं. निवृत्तीनंतरही ती नजर गेली नव्हती. त्यामुळे डॉ. कौमुदीनं फोनवर चाचरत विचारलं, "काकू, काका गोळ्या नियमित घेतात ना?" तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

बाळकृष्णराव रेल्वेतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ते इस्पितळातल्या एका नव्या औषधाच्या अभ्यासात दाखल झाले होते. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी. कौमुदी मूळची सोलापूरची, त्याच अभ्यासात रक्त तपासणारी शास्त्रज्ञ. तिनं पहिल्याच दिवशी सगळं मराठीत समजावलं होतं. अन्नातून ट्रिप्टोफॅन नावाचा पदार्थ मिळतो आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींना तो लागतो. गाठ एका एन्झाइमच्या मदतीनं तो तोडून टाकते. तुटून जे तयार होतं ते कायन्युरेनिन, आणि त्यानं त्या पेशी मरगळतात. गोळी या एन्झाइमला अडवते, म्हणून रक्तातलं कायन्युरेनिन उतरायला हवं.

"बाकीच्यांचं उतरलंय," कौमुदी म्हणाली. "काकांचं जागचं हललेलं नाही. गोळी रक्तात पोचते का ते बघायला नमुना हैदराबादला पाठवलाय, पण रिपोर्टला तीन आठवडे लागतील. तोवर तुम्ही जरा लक्ष ठेवा."

विनीताबाईंना तेवढंच पुरे होतं. त्या डबीतल्या गोळ्या मोजू लागल्या. मोजणी बरोबर येई, पण त्यामुळे संशय उलट वाढला. गोळी डबीतून बाहेर पडते, पण पोटात जाते का? त्यांनी बेसिनची जाळी उघडून पाहिली, तुळशीची माती उकरली. बाळकृष्णराव पाण्याचा घोट घेत तेव्हा त्या त्यांच्या गळ्याकडे बघत बसत.

"काय बघतेस?"

"कुठं काय."

आणखी एक गोष्ट त्यांना खटकत होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चारच्या सुमाराला ते तेलीबागेतल्या घरातून निघत आणि सातला परतत. विचारलं तर म्हणत, "जरा पाय मोकळे करून येतो." आजारी माणूस तीन तास पाय मोकळे करतो? कुणा वैद्याकडे तर जात नसतील? तिथला काढा, चूर्ण तर घेत नसतील? शेजारच्या ऋचा मिश्रांनी मध्ये एकदा कुठल्याशा बाबाची जडीबुटी सुचवली होती, तेही त्यांना आठवलं.

शुक्रवारी ते ऑटोत बसले. विनीताबाई मागच्या ऑटोत चढल्या. "भैया, उस ऑटो के पीछे चलिए," म्हणताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण त्या उतरल्या नाहीत.

ऑटो मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत थांबला. बाळकृष्णराव तळमजल्यावरच्या एका क्वार्टरमध्ये शिरले. पाच मिनिटांनी विनीताबाईंनी अर्धवट उघडं दार ढकललं. आत बाळकृष्णरावांचे रेल्वेतले जुने सहकारी जयसिंग कॅरम मांडून बसले होते. समोर बाळकृष्णराव, बाह्या वर सारलेल्या, तोंडात पान, आणि गेल्या सहा महिन्यांत न दिसलेलं हसू.

"अरे, भाभीजी! आइए, आइए," जयसिंग उठले.

बाळकृष्णरावांचं हसू मावळलं. विनीताबाईंना मात्र पानच दिसलं. "हे खाता इथं येऊन? आणि गोळ्या? त्या कुठं टाकता? डॉक्टरांना कळलंय सगळं!" मग जयसिंगांकडे वळून म्हणाल्या, "भाईसाहब, आपने भी नहीं रोका? कैंसर की दवा चल रही है इनकी!"

जयसिंगांच्या हातातला स्ट्रायकर तसाच राहिला. "कैंसर?" त्यांनी बाळकृष्णरावांकडे पाहिलं. "बर्वे साहब, आपने तो हर्निया बताया था."

बाळकृष्णराव उठले, पान थुंकून आले आणि चपला घालून बाहेर पडले. परतीच्या ऑटोत ते एकदाच बोलले.

"घरी तू बघतेस, इस्पितळात ते बघतात. इथं कुणी बघत नव्हतं. आणि गोळी मी रोज घेतो, विनीता."

विनीताबाईंनी यावर विश्वास ठेवला का? नाही. पुढचे अकरा दिवस त्या मोजतच राहिल्या.

मग हैदराबादचा रिपोर्ट आला. कौमुदीनं दोघांनाही बोलावून घेतलं. "गोळी रक्तात पूर्ण आहे. काकांनी एकही चुकवलेली नाही," ती म्हणाली. "आम्ही बायोप्सीचा जुना तुकडा पुन्हा तपासला. त्यांच्या गाठीत दुसरंही एक एन्झाइम आहे. हेच काम करणारं, पण या गोळीला न जुमानणारं. आम्हाला ते आधी बघायला हवं होतं. ही गोळी आता बंद करू, इंजेक्शन चालू ठेवू. काका, मी तुमच्यावर शंका घेतली, माफ करा."

"तुझं कामच आहे ते, पोरी," बाळकृष्णराव म्हणाले.

विनीताबाई खाली मान घालून बसल्या. माफी मागायचे शब्द त्यांच्याही ओठांवर आले होते, पण बाहेर पडले ते घरी, आमटीला फोडणी देताना, पाठमोऱ्या उभ्या राहून. "चुकलं माझं."

"हं," बाळकृष्णराव म्हणाले.

मानक नगरला जाणं त्यांनी सोडलं होतं. त्या शुक्रवारनंतर एकदाच गेले, तर जयसिंगांनी पाठीला उशी दिली, ज्यूस आणवला आणि ते तीनही डाव मुद्दाम हरले. मार्चमधल्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच निघाली, वाढलेली नाही. डॉक्टर म्हणाले, ही चांगली बातमी आहे. त्याच संध्याकाळी बाळकृष्णराव शर्ट बदलून बाहेर आले आणि चपला घालू लागले.

"कुठं निघालात?" हे विनीताबाईंच्या तोंडापर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि दार उघडून धरलं.