मनोऱ्यावरचा हुरडा

डोंगरावर जाऊन हुरडा खायची कल्पना विजयसिंहची. कणसं अभिमन्यूच्या रानातली, गोवऱ्या त्याच्याच, दही त्याच्या घरचं, शेंगदाण्याची चटणी माझ्या घरची. विजयसिंहचा वाटा म्हणजे कल्पना. दहावीपासून त्याचा वाटा तेवढाच असतो, आणि फोटोत मधोमध तोच बसतो.

केजहून तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या माथ्यावर वनखात्याचा लोखंडी मनोरा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत एक माणूस दिवसभर त्यावर बसून कुठं धूर निघतोय का ते बघतो. तो माणूस म्हणजे गहिनीनाथ, आमच्या बाकावरचा चौथा. पाच वर्षं हंगामी. उरलेल्या दिवसांत तो आणि करिष्मा, त्याची बायको, ऊसतोडीला जायचे. धनश्रीला, म्हणजे पोरीला, बरोबर न्यायचे. यंदा मात्र वनखात्याच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, कायम करायच्या यादीत तुझं नाव घालतो, नोंदवही तेवढी स्वच्छ ठेव. त्या भरवशावर दसऱ्याला त्याने मुकादमाला नाही म्हटलं. धनश्री पहिल्यांदाच दिवाळीनंतरही शाळेत दिसली.

हे विजयसिंहला ठाऊक होतं. तो पंचायत समितीत उठबस असलेला माणूस. मंगळवारी साहेबांची भेट आहे, तुझा विषय काढतो, असं त्याने गहिनीनाथला फोनवर सांगितलं आणि त्याच फोनवर रविवारी येतो म्हणून कळवलं. गहिनीनाथ म्हणाला, या की, पण हुरडा खाली रानात भाजून आणा.

आम्ही सकाळी निघालो. अभिमन्यूच्या डोक्यावर कणसांचं पोतं, पाठीवर गोवऱ्या. माझ्या हातात डबे. विजयसिंहच्या डोळ्यांवर गॉगल. अर्ध्या चढात तो चार वेळा थांबला, दर वेळी महत्त्वाचा फोन आला म्हणून. त्या डोंगरात रेंज नसते, हे मला दुसऱ्या थांब्यालाच कळलं होतं. तो फोन कानाला लावून दम खात होता. अभिमन्यू पोतं न उतरवता उभा राहायचा.

गोवऱ्या कशाला घेतल्यास, असं मी अभिमन्यूला विचारलं. विजयभाऊंनी सांगितलं, म्हणाला. वर्गमित्राला भाऊ म्हणायची सवय त्याला विहिरीची फाइल पुढे सरकायला लागल्यापासून लागली आहे.

मनोऱ्याच्या पायाशी पत्र्याचा एक डबा ठेवलेला होता. वर येणाऱ्याने काडेपेटी, लायटर जे असेल ते त्यात टाकायचं आणि उतरताना परत घ्यायचं. हा नियम खात्याचा नव्हता, गहिनीनाथचा होता. मी काडेपेटी टाकली, अभिमन्यूने टाकली. विजयसिंहने लायटर टाकला, पण गहिनीनाथला सलाम ठोकून. आम्ही हसलो. गहिनीनाथही हसला, झाकण लावता लावता.

त्याने आवार असं झाडलेलं होतं की वाळकं पान शोधून सापडलं नसतं. माठात पाणी भरलेलं. बसायला पोती. वर घेऊन गेला आणि आम्हाला सगळा मुलूख दाखवला. समोरच्या डोंगरावर दुसरा मनोरा, त्यावर हनुमान नावाचा गडी. धूर दिसला की तो ह्याला आणि हा त्याला वॉकीटॉकीवर विचारणार, आणि दोघंही आपापल्या वहीत वेळ लिहिणार. वही लाल कापडी पाठीची, माझ्याच दुकानातली. दर तासाला एक ओळ. धूर नाही, धूर नाही, पानंच्या पानं.

खाली आल्यावर अभिमन्यूने गोवऱ्या सोडल्या. गहिनीनाथचं तोंड उतरलं. इथं न्हाई, तो म्हणाला, रानात परत जाऊ, मी येतो संध्याकाळी. विजयसिंहने वाद घातला नाही. तो वाद कधीच घालत नाही. खिशातून पेन काढलं आणि हातावर लिहायच्या तयारीत विचारलं,

"मंगळवारी तुझं नाव काय सांगू बे? नुसतं गहिनीनाथ, का बापाच्या नावासकट?"

गहिनीनाथने गोवऱ्या उचलल्या. मग त्यानेच कातळावरची जागा निवडली, चार बाजूंनी पाणी शिंपडलं, गोवऱ्या रचल्या, आणि डब्याचं झाकण उघडून माझी काडेपेटी घेतली. आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही. आगटी पेटली तसा तो पाण्याची घागर घेऊन शेजारी बसला. कणसं अभिमन्यूने भाजली. हुरडा हातावर चोळून पहिला घास विजयसिंहला दिला. हुरडा चांगला होता, ते खोटं सांगणार नाही. विजयसिंहने तीन वेळा घेतला. गहिनीनाथने खाल्लाच नाही, वारा फिरतोय का बघत होता.

वारा फिरला नाही. ठिणगी उडाली नाही. पण गोवऱ्यांचा धूर सरळ वर गेला, आणि वॉकीटॉकी बोलला. हनुमान विचारत होता, तुझ्याच मनोऱ्याखाली धूर दिसतोय, काय हाय? मी टाइम लिवला, हापिसात कळवलं, गार्ड निघालाय.

घागर आगटीवर उपडी झाली. हुरडा निम्मा तसाच राखेत गेला.

गहिनीनाथ वर जाऊन वही घेऊन आला. मांडीवर ठेवून त्याने लिहिलं, हळूहळू, सुवाच्य. मग वही आमच्यापुढे धरली.

"चौघांनी मिळून कातळावर आगटी लावली, लगेच विझवली, असं लिवलंय. चार सया असल्या की साहेब दम देऊन सोडील. माझी एकट्याची असली तर वाचमननंच आग लावली म्हणतील."

विजयसिंह म्हणाला, मला मंगळवारी साहेबांपुढे जायचंय, त्याच कागदावर माझी सही कशी चालेल? उलट माझं नाव बाहेर राहिलं तर मी काहीतरी करू शकेन. अभिमन्यूने विजयसिंहकडे बघितलं आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. ते आधीच बांधलेलं होतं.

मग वही माझ्यापुढे आली. शाळांना लागणाऱ्या वह्यांचं काम विजयसिंहच्या शब्दावर माझ्या दुकानाला मिळतं. हे मी तेव्हा मनात आणलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी छातीवरचा खिसा चाचपला.

"चश्मा घरी राहिला बे. न वाचता सही कशी करू?"

चश्मा त्याच खिशात होता. त्याची एक दांडी बाहेर डोकावत होती, हे मला रात्री सदरा काढताना दिसलं.

गहिनीनाथने वही वळवून घेतली. त्यातला 'चौघांनी' हा शब्द खोडला, त्यावर 'मी' असं लिहिलं, खाली एकट्याची सही केली. मग डबा उघडून ज्याचं त्याला देऊ लागला. विजयसिंहला लायटर, अभिमन्यूला काडेपेटी. माझी आगटीपाशी भिजून पडली होती.

उतरताना विजयसिंहला फोन आले नाहीत. पायथ्याशी तो एवढंच म्हणाला, "लिवायची काय घाई होती त्याला? आता मी मंगळवारी कोणत्या तोंडानं बोलू?" अभिमन्यूने हो म्हटलं. मीही मान हलवली. वाट उताराची होती, मान आपोआप हलते.

आठवड्यात मनोऱ्यावर दुसरा माणूस आला. यादी गेली, त्यात गहिनीनाथचं नाव नव्हतं. पावसाळ्यात अभिमन्यूच्या विहिरीला मंजुरी मिळाली. मला वह्यांचं काम मिळालं.

दसऱ्यानंतर एका सकाळी ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. ट्रॉलीत भांडी, बाजलं, चुलीचं सरपण, वर करिष्मा आणि तिला टेकून धनश्री. गहिनीनाथ उतरून आला. पाचवीच्या चार वह्या मागितल्या, दोन रेघांच्या, दोन चौकटीच्या. फडावर पोरगी आपल्या आपण लिहील म्हणाला. मी वह्या काढल्या, पैसे नको म्हटलं. त्याने पैसे काउंटरवर ठेवले.

मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चश्मा नवा घेतला का तुमी?"

बालवाडीपासून त्याने मला तुमी म्हटलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो, "जुनाच हाय."

त्याने मान डोलावली, वह्या सदऱ्याच्या आत घातल्या आणि ट्रॉलीत चढला.