दुसऱ्या रांगेतली नववी कबर

जिल्हा कचेरीतून कागद आला की जिल्ह्यातल्या सगळ्या दिवंगत मंत्र्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या कबरी शोधा, यादी करा, फरशी बसवा, पाटी लावा. त्या महिन्यात आमच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. पण मेलेल्या पुढाऱ्यांसाठी वेगळा कारकून नेमला गेला. त्याला गाडी मिळाली, कोरी फाइल मिळाली.

यादीत सात नावं होती. सहा कबरी सापडल्या. एकीवर शेळ्या बांधलेल्या होत्या, एक कुणाच्या तरी परसात निघाली. सातवी आमच्या दफनभूमीत होती, आणि इथला राखणदार मी. सव्वीस वर्षं झाली. खड्डे मी खोदतो, गवत मी काढतो, रजिस्टरही मीच लिहितो.

सातवे म्हणजे कालवेवाले मंत्री. या माणसाने तीन निवडणुका एकाच कालव्यावर जिंकल्या. कालवा आला नाही, मंत्रिपद मात्र आलं. आता त्यांच्या खुर्चीवर त्यांचा नातू बसतो. त्याला सगळे नातूसाहेब म्हणतात, आणि त्यातच त्याचं सगळं कर्तृत्व आलं.

आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्याशी दगड बसत नाही, कारण दगड परवडायला हवा. म्हणून कबर ओळखायची ती मोजून. रस्त्याकडच्या भिंतीपासून रांग मोजायची आणि फाटकापासून कबर. रजिस्टरात मंत्र्यांपुढे लिहिलंय: दुसरी रांग, नववी कबर.

कारकून आला, सोबत मोजणीवाला. मोजणीवाल्याने टेप भिंतीला टेकवली, दोन रांगा मोजल्या, मग फाटकाकडून नऊ कबरी. तिथे उभा राहून पायाने गवत दाबलं.

"घ्या साहेब, सापडले तुमचे मंत्री."

"ते मंत्री नाहीत," मी म्हणालो. "ती माझी बायको आहे."

मोजणीवाला खो खो हसला. "मामा, मामी मंत्री होत्या का?"

"घरात होती. आधी पाय काढ तिथून. तुम्ही भिंत चुकीची धरलीय."

मग मी समजावून सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, तेव्हा भिंत आत आली आणि पुढच्या तीन रांगा रस्त्यात गेल्या. ज्यांचे नातेवाईक आले त्यांना उचलून मागे आणलं. ज्यांचं कुणी आलं नाही, त्यांच्यावरून रोलर गेला. नवं रजिस्टर द्या म्हणून मी तीनदा अर्ज केला, पण आकडे जुन्या भिंतीचेच राहिले. जुनी पाचवी रांग आता दुसरी झाली. बायकोपुढे मीच लिहिलंय बघा: पाचवी रांग, नववी.

कारकुनाने दोन्ही पानं पाहिली. मग मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. वाळूचा ट्रक चालला होता.

"म्हणजे मंत्री..."

"डांबराखाली. घरच्यांना तेव्हा पत्र गेलं होतं. निवडणूक तोंडावर होती, कुणी फिरकलं नाही. नंतर रस्त्याची फीत कापायला मात्र नातूसाहेब स्वतः आले होते."

मोजणीवाल्याने टेप गुंडाळली. त्याचं हसू पार मावळलं होतं. कारकून माझ्या जवळ सरकला. "मामा, हे कुणाला बोललात का?"

"कुणी विचारलंच नाही."

"मग बोलूही नका."

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. माझ्या खोलीतली एकुलती खुर्ची त्यांना दिली. साहेब गोड बोलणारे. शिव्या देणारा साहेब बरा, निदान त्याला उलट बोलता येतं.

"तुमच्यावर जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "कार्यक्रमाची तारीख ठरली आहे, पण तुमची हरकत असेल तर लेखी द्या. मग नियमाप्रमाणे कबर उघडू, आत कोण आहे त्याची खात्री करू. हरकत नसेल, तर हीच ती जागा असं लिहून सही करा."

कबर उघडणं म्हणजे काय ते या माणसाला ठाऊक नव्हतं. मला आहे. रस्त्याच्या वेळी एकेचाळीस मी उघडल्या. फावडं कितीही जपून घाला, ते लागतंच. केस तसेच असतात. कपड्याचं बटण सापडतं. मग सगळं गोणीत भरायचं आणि गोणीला चिठ्ठी बांधायची. सहा चिठ्ठ्या वाऱ्याने सुटल्या, त्यातलं कोण कुठलं ते आजही कुणाला माहीत नाही. मीच बांधल्या होत्या त्या. तिला गोणीत भरायला मी तयार नव्हतो.

सही केली. भेकड म्हणा. म्हणणाऱ्याने आधी एक गोणी बांधून दाखवावी.

ठेकेदाराची माणसं पायासाठी तीन फूट खणायला निघाली. मी कुदळ हिसकावून घेतली आणि पाया स्वतः खणला, दीड फुटावर थांबलो. ती साडेतीन फुटांवर आहे. तेव्हाही मीच खोदलं होतं. चुना टाकला, फरशी बसली, चारी बाजूंनी रेलिंग लागलं. त्याची किल्ली कचेरीत गेली.

हे सगळं मुलीला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं. ती शेजारच्या गावात शिवणकारखान्यात असते. दर सुट्टीला यायची, आईजवळ फतकल मारून बसायची आणि कारखान्यातल्या सगळ्या भानगडी तिला सांगायची. कोणती मुकादमीण कुणावर ओरडली, कुणाचं कुणाशी जमलं. मी लांबून ऐकायचो. फोनवर तिला म्हणालो, "दोन आठवडे येऊ नकोस, आत काम चाललंय."

"कसलं काम?"

"रंगरंगोटी."

"मेल्यांना रंग? कचेरीला ताप आलाय का, बाबा?"

मी हसलो. हसून फोन ठेवला.

नातूसाहेब आले, अकरा मिनिटं थांबले. माझ्या बायकोच्या छातीवर हार ठेवला, डोळे मिटले, फोटो होईपर्यंत मिटलेलेच ठेवले. तिने उभ्या आयुष्यात या घराण्याला मत दिलं नाही. कालव्याचं नाव निघालं की ती सरळ उठून जायची.

त्यानंतर कचेरीचा हुकूम आला. शाळेची मुलं येतील, त्यांना राखणदाराने माहितीपत्रक वाचून दाखवावं. पत्रक टाइप केलेलं होतं, दीड पान.

मुलं आली ती सुट्टीच्याच दिवशी, कारण एरवी बस मिळत नव्हती. चाळीसभर असतील. बाईंनी त्यांना रेलिंगभोवती गोल उभं केलं. मी चष्मा लावला आणि सुरुवात केली. "या ठिकाणी चिरविश्रांती घेत असलेले आपल्या जिल्ह्याचे थोर सुपुत्र..."

"कालवा कुठंय पण?" एका मुलीने विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. माझी मुलगी आली होती. तिसरा आठवडा होता, येऊ नकोस असं मी पुन्हा सांगितलंच नव्हतं. पिशवी हातात घेऊन ती सवयीने सरळ चालत आली, आणि रेलिंगपाशी येऊन थांबली. फरशीवरचं नाव वाचलं. एकदा फाटकाकडे पाहिलं, मनात मोजलं असावं, मग परत नाव वाचलं.

"बाबा," ती म्हणाली, "आई कुठंय?"

सगळी मुलं माझ्याकडे वळली. बाईही. कारकून फाटकाजवळ गाडीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. माझं एक वाक्य पुरेसं होतं. ते बोललो असतो, तर संध्याकाळच्या आत फरशी उचकटली गेली असती, आणि खात्री करायला फावडी आली असती.

"थांब जरा," मी म्हणालो. "वाचून होऊ दे."

कोणत्याही बापाने कोणत्याही मुलीला याहून घाण उत्तर दिलं नसेल. आणि मी वाचायला लागलो. त्यांचा जन्म, त्यांचा त्याग, पाण्यासाठी त्यांनी आयुष्यभर केलेला संघर्ष. संघर्ष हा शब्द पत्रकात पाच वेळा होता, मी पाचही वेळा नीट उच्चारला. ती निघून जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. पिशवी खाली ठेवून, हात बांधून, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत उभी राहिली.

बाईंनी खूण केली, तशा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिनेही वाजवल्या. माझ्याकडे बघत, एकेक टाळी सुटी सुटी. मुलं थांबली, रांग लावून बसकडे निघाली, तरी तिचं चालूच होतं.