दोन रिकामे बेड

वॉर्डात बेड अठरा आणि दिवसपाळीला आम्ही तिघी. वॉर्ड साथीच्या तापाचा; चौघी त्याच तापाने आडव्या झाल्या होत्या आणि एकीने मोबाइलवर राजीनामा पाठवून फोन बंद करून टाकला होता. मी इन्चार्ज सिस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता माझ्याकडे. तक्ता करणं म्हणजे खरं तर कुणाकुणाला रजा द्यायची नाही ते ठरवणं, आणि या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एकीने पाठदुखीचं सर्टिफिकेट आणलं, तर कुणाची पाठ दुखत नाही ते सांग, असं विचारून मी तिला परत अंगभर संरक्षक किट चढवायला पाठवलं होतं.

आम्हा तिघींत सगळ्यात लहान चिमणी. बडबडीमुळे तिचं हे नाव पडलं आणि डॉक्टरसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायचे. किट घालताना, सलाइन लावताना, पेशंटचे केस विंचरताना तिचं तोंड चालू असायचं. गेल्या महिन्यात ती गप्प झाली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. वॉर्डातला एक आवाज तरी कमी झाला.

त्या मंगळवारी ड्युटी संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. नाकावर मास्कचा लाल वळ, केस घामाने चिकटलेले. तिने एक कागद पुढे ठेवला. स्वतःच्या हाताने लिहून सही केलेली चुकीची कबुली होती ती, बेड सहावरच्या शिंपीकाकांबद्दलची.

मॉनिटर दिवसभर वाजतात. दहातल्या नऊ वेळा पेशंटच्या बोटावरची क्लिप निसटलेली असते, बाकी काही नसतं. आवाज बंद करायला एक बटण असतं, ते दाबलं की मशीन दोन मिनिटं गप्प बसतं. त्या दुपारी काकांचा मॉनिटर वाजला तेव्हा चिमणी शेजारच्या पेशंटला इंजेक्शन देत होती. तिने हात लांब करून बटण दाबलं. पुन्हा वाजला, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा वाजला तेव्हा डॉक्टर तिथे होते. कुशीवर वळताना काकांच्या मास्कची नळी निघाली होती आणि ओठ निळे पडले होते. काकांना व्हेंटिलेटरवर घेतलं. नळी नुकतीच निघाली असेल असं समजून डॉक्टरांनी आजार बळावला असं धरलं आणि कागदावरही तसंच लिहिलं. खरं काय ते चिमणीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तीनदा दाबलं, ताई," ती म्हणाली. "एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही."

मला तिचा भयंकर राग आला. चुकीचा नाही, त्या कागदाचा. तो वर गेला की चौकशी लागणार, हिला घरी बसवणार, आणि अठरा बेड दोघींच्या गळ्यात. काका जिवंत आहेत ना, एवढंच मी विचारलं. ती हो म्हणाली. मग घरी जा, अंघोळ कर, झोप काढ आणि सकाळी आठला हजर हो, असं मी तिला सुनावलं.

ती हलली नाही. "शिक्षा मागायला नाही आले. माझी ड्युटी लावू नका, एवढंच. ते आवाज मला आता ऐकूच येत नाहीत. उद्या परत दाबीन."

"सगळ्यांचं तेच झालंय," मी म्हणाले. "आठला ये."

ती गेली आणि मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पाच मिनिटांनी काकांच्या मुलीचा फोन आला. सकाळीच ते तिला फोनवर सांगत होते म्हणे, की इथल्या गाउनची शिवण वाकडी आहे, असला कपडा त्यांच्या दुकानातून बाहेर पडला नसता. मग दुपारपर्यंत असं अचानक काय झालं, असं ती विचारत होती. या आजारात असं होतं, मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले होते की ते आपोआप तोंडातून बाहेर पडायचं.

घरी साडेसहाला पोचले. अंघोळ करून, घरातही मास्क लावून, बाहेरच्या खोलीत तक्ता घेऊन बसले. नवरा औषधं आणायला गेला होता. सासूबाईंनी मोरीतून हाक मारली. आले, मी म्हणाले. तिघींच्या कामाला चौथी कुठून आणायची याची जुळवाजुळव चालली होती. पुन्हा हाक आली. आले, आले. तिसऱ्यांदा मी काय म्हणाले ते मला आठवतही नाही.

नवरा परत आला आणि आतून त्याचा आवाज चढला तेव्हा मी उठले. सासूबाई पाय घसरून ओल्या फरशीवर बसल्या होत्या, एक पाय अंगाखाली दुमडलेला. हाड मोडलं नव्हतं, पण थंडीने दात वाजत होते. नवऱ्याने त्यांना टॉवेलात गुंडाळून पलंगावर बसवलं. एरवी सासूबाई मला सोडणाऱ्यातल्या नाहीत, आमटीत मीठ कमी पडलं तरी आठवडाभर ऐकवतात. पण त्या दिवशी त्या अगदी हळू बोलल्या.

"तू आले म्हणालीस, म्हणून मग मी ओरडले नाही. म्हटलं, येतेय."

त्या अर्धा तास तशा बसून होत्या. मी बारा पावलांवर होते, दार उघडं होतं, अंगावर किट नव्हतं, शेजारी दुसरा पेशंट नव्हता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. उद्या सकाळी आठला मी याच कानांनी वॉर्डात उभी राहणार होते, आणि चिमणीलाही उभं करणार होते.

सकाळी चिमणी किटच्या खोलीत पायाला प्लॅस्टिकचे मोजे बांधत होती. मी तिला घरी जायला सांगितलं, आठ दिवस. तिला आधी कळलंच नाही. मग ती गाठ सोडायला लागली, पण गाठ सुटेना. शेवटी मीच खाली बसून सोडली.

तिचा कागद घेऊन मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. खाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की हिने कामातून सुटका मागितली होती आणि मी दिली नाही. त्यांना सांगितलं, पहाटे दोन बेड रिकामे झालेत, ते मी भरणार नाही. आम्ही दोघी उरलोय, सोळा पेशंट म्हणजेच डोक्यावरून पाणी आहे. त्यांनी कागद दोनदा वाचला. त्यांचेही डोळे सुजले होते.

"ठेवा बंद," ते म्हणाले. "पण नकार तुमच्या तोंडून जाईल. रिसेप्शनवरच्या मुलीच्या नाही."

मग मी काकांच्या मुलीला फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. ती खूप बोलली. मी ऐकून घेतलं, कारण तिचं चुकत नव्हतं. काका अजून व्हेंटिलेटरवरच होते.

साडेअकराला रिसेप्शनवरून फोन आला. खाली अँब्युलन्समध्ये चाळिशीची बाई आहे, ऑक्सिजन ऐंशीवर आलाय, हे तिसरं हॉस्पिटल, बरोबर नवरा आहे. माझ्यासमोर दोन बेड होते, चादरी ताणून घातलेले. फोन त्यांनाच द्या, मी म्हणाले.

"दादा, आमच्याकडे जागा नाही."

मला वाटलं, तो शिव्या देईल. मी तयार होते.

"बरं, ताई," तो म्हणाला. "तुम्ही निदान लगेच सांगितलंत."

फोन ठेवते न ठेवते तोच बेड नऊचा मॉनिटर वाजला. मी गेले आणि आधी तोंडाकडे पाहिलं. आजोबा शांत झोपले होते. क्लिप निसटली होती, बाकी काही नव्हतं. ती पुन्हा लावून मी वर पाहिलं, तर खिडकीतून ती अँब्युलन्स वळताना दिसली. गेटबाहेर पडल्यावर ड्रायव्हरने सायरन सुरू केला, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तो मला कितीतरी वेळ ऐकू येत होता.