मला ओढायला दहा जण लागतात

मित्रांनो, मी एक जुना दगडी रूळ आहे. कबड्डीचं मैदान सपाट करणारा, पिंपाएवढा गोल आणि काळाकभिन्न. माझं वजन किती ते कुणालाच ठाऊक नाही, कारण मला उचलून काट्यावर ठेवणारा अजून जन्माला यायचा आहे. गावात एवढंच सांगतात, की मला ओढायला दहा जण लागतात. नऊ जण आले तर मी जागचा हलत नाही. याला कुणी हट्ट म्हणतं. मी स्वभाव म्हणतो.

पेणच्या रामवाडीवरून खाडीच्या बाजूला आत आलात की आमचं गाव लागतं. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी कबड्डीचा संघ काढला, पण मैदान म्हणजे नुसती ढेकळं. चढाईला गेलेला गडी परत यायचा तो गुडघे सोलूनच. मग ही पोरं डोंगरातल्या खाणीवर गेली, तिथल्या पाथरवटाकडे महिनाभर राबली आणि त्या बदल्यात त्यांनी मला घडवून घेतलं. पाथरवट मोठा तिखट माणूस! छिन्नीचा घाव स्वतः चुकायचा आणि शिव्या मला द्यायचा. मी सगळं मुकाट ऐकून घेतलं. मग पेणच्या लोहाराने मला लोखंडी दांडा बसवला आणि बैलगाडीतून माझी वरात निघाली. अर्ध्या वाटेत गाडीचं चाक मोडलं. उरलेली वाट दहा पोरांनी मला ओढत आणलं. त्यांत सगळ्यांच्या पुढे होता अठरा वर्षांचा गुणाजी.

आमच्याकडे मैदान तयार करायची रीत जरा निराळी आहे. गावातल्या बऱ्याच घरांचं पोट मिठागरावर. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, म्हणजे पाणी जिरत नाही आणि मीठ स्वच्छ निघतं. हे काम बायकांचं. तेव्हा मैदानही त्याच तुडवायच्या. एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून, ओळीने, एका ठेक्यात. त्यांची म्होरकी होती सगुणा. तिच्या पायाला जी जाण होती ती माझ्या दगडाला नव्हती, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तिने मैदान पास केलं की मगच मला बोलावणं यायचं.

पण सामन्याच्या दिवशी सगुणा कुठे असायची? रेषेच्या बाहेर, बायकांच्या घोळक्यात. तेव्हा मुलींनी खेळायचं नसे. तिचे पाय मात्र उभ्या उभ्या ठेका धरायचे. ते मी पाहायचो आणि मला वाईट वाटायचं.

बाकी दिवस मजेचे होते. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. संध्याकाळी पाच वाजता शिट्टी वाजली की घराघरांतून पोरं सुटायची, आणि त्यांना जेवायला घरी न्यायचं म्हणजे त्यांच्या आयांना दोनदा तरी काठी घेऊन यावं लागायचं.

पुढे ती पोरं मोठी झाली. कुणी कंपनीत शिफ्टला लागलं, कुणी पनवेलला गेलं. मैदानात गवत वाढलं. मला चिंचेखाली ढकलून ठेवलं, तेही शेवटचे दहा जण गोळा करून. मग आले मोबाईल.

तुम्हाला वाटेल, आता हा म्हातारा मोबाईलच्या नावाने खडे फोडणार. नाही हो! उलट मोबाईल आल्यावर माझ्याकडे पुन्हा वर्दळ सुरू झाली. आमच्या गावात रेंज म्हणजे नशिबाचा खेळ, पण चिंचेखाली, अगदी माझ्या पाठीवर, ती भरपूर. मुलं शाळेतून आली की माझ्यावर ओळीने बसत आणि बोटांनी कबड्डी खेळत. हरलं तरी गुडघा फुटत नसे, जिंकलं तरी कुणी खांद्यावर घेत नसे. खोटं कशाला सांगू, मला त्यांची ऊब आवडायची. फक्त माझ्यापुढचं मैदान रिकामं आहे, हे त्यांना कधी दिसलं नाही.

पहिल्यांदा ते दिसलं दिपिकाला. सातवीतली ही मुलगी माझ्यावर बसून मोबाईलवर मोठमोठ्या खेळाडूंच्या चढाया पाहायची. एक दिवस ती खाली उतरली आणि तशीच चढाई गवतात करू लागली. हळूहळू सात मुलींचा संघ जमला. तिचा चुलतभाऊ विशाल मोबाईलवर त्यांचे खेळ टिपायचा आणि चुका दाखवायचा. आणि दिवाळीनंतर बातमी आली, की रोह्याजवळच्या अष्टमी गावात मुलींचे सामने आहेत, मातीच्या मैदानावर. तिथे जायचं तर आधी आठ दिवस मातीत सराव हवा. म्हणून मुली मैदान मागायला गुणाजीकडे गेल्या. गुणाजी आता साठीचा, क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. मंडळ म्हणजे एक फलक आणि तो.

"मैदान घ्या," तो म्हणाला, "पण रूळ नाय मिळायचा. तो रविवारी जातोय."

"जातोय? कुठे?" दिपिकाने विचारलं.

"हायवेपलीकडच्या फार्महाऊसवर. त्या साहेबांना बागेत ठेवायला पायजे. वरती दिवा बसवणार म्हणे. मी शब्द दिलाय."

दिवा! मित्रांनो, माझ्या अंगात घाम असता तर तो फुटला असता.

"पण काका, आम्ही ओढू ना त्याला!"

"कोण ओढणार गो? मोबाईल उचलून तुमचे हात दुखतात. रविवारपर्यंत मैदान करून दाखवा, मग बघू."

मुलींनी ते मनावर घेतलं. गुरुवारी त्यांनी गवत काढलं. विशालने मोबाईलवर मैदान करायची कृती शोधली. पाणी मारा आणि रूळ फिरवा, असं त्यात होतं. आता माती कुठली, खाडीकाठची की घाटावरची, हे त्या बिचाऱ्या मोबाईलला काय ठाऊक? त्यांनी नळी लावून पाणी सोडलं आणि लगेच मला चिखलात घातलं. सात मुली, विशाल आणि त्याचे दोन मित्र, बरोबर दहा. मी हललो! इतक्या वर्षांनी हललो म्हणून इतका आनंद झाला, की काय होतंय ते मलाही उशिरा कळलं. सगळा चिखल माझ्या अंगाला लपेटला गेला. मी दुप्पट जाड झालो आणि मैदानाच्या मधोमध रुतून बसलो. मागे वीतभर खोल चर पडले.

गुणाजीने कपाळाला हात लावला. "झालं! होतं ते पण घालवलंत."

दिपिका माझ्या दांड्याला टेकून रडली. मीही तिच्याइतकाच दुःखी होतो, पण मला रडता येत नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेआधी मुली जमल्या तोच सगुणा आली. आता सत्तरीची, जराशी वाकलेली. तिने पायाच्या अंगठ्याने माती दाबून पाहिली आणि हसत सुटली.

"काय गो पोरींनो, चिखलात रूळ घालतात व्हय? आधी पाय घालतात. चपला काढा बघू."

तिने सुकी माती पसरायला लावली, सगळ्यांना खांद्यांवर हात टाकून ओळीत उभं केलं आणि ठेका दिला. सुरुवातीला मुली धपाधप पडल्या. मग पाय एका तालात आले. शाळा सुटली की तुडवणं, असे शुक्रवार-शनिवार गेले. शनिवारी तर हसण्याचा आवाज ऐकून आयासुद्धा आल्या आणि साड्या खोचून ओळीत शिरल्या. सगुणाआजीची खूण सोपी होती. बोट दाबलं तर ठसा उमटला पाहिजे, पण माती बोटाला लागता कामा नये.

"कळलं? तेव्हाच रूळ फिरवायचा. आणि आधी भाताचा तूस टाकायचा, मग माती चिकटत नाय," ती म्हणाली. विशालने ते सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. शहाणा मुलगा! ती कृती आता कुठे हरवायची नाही.

रविवारी सकाळी माझ्याभोवतीची माती उकरून मला धुऊन काढलं. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत घालून पिशवी माझ्या दांड्याला अडकवली. दोर धरायला आले तर जण भरले नऊ. एका मित्राला ताप आला होता आणि आया मिठागरावर गेल्या होत्या. नऊ जणांनी जोर लावला. मी हललो नाही. खरंच सांगतो, मनातून मी धावत होतो.

गुणाजी बांधावर उभा राहून पाहत होता. त्याने चपला काढल्या, आपला मोबाईल पिशवीत टाकला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोराच्या अगदी पुढे जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षांपूर्वीचीच जागा. "हां, ओढा!" तो ओरडला आणि मी निघालो.

तेवढ्यात पिशवीत गुणाजीचा मोबाईल वाजू लागला. मला दांड्यापासून पोटापर्यंत गुदगुल्या झाल्या. फार्महाऊसचे साहेब रस्ता विचारत असणार. कुणी उचलला नाही. शेवटी आरडाओरड्याच्या रोखाने त्यांचा टेम्पो आपणच मैदानाशी आला.

"गुणाजीराव, कुठाय आपला दगड?" साहेबांनी विचारलं.

गुणाजीने दोर सोडला नाही. "साहेब, शब्द दिला होता, माफ करा. पण तो कामावर हाय. आता नाय मिळायचा."

साहेब टेम्पोतून उतरून दोर धरलेल्या मुलींपर्यंत आले. मग हसून टेम्पोतल्या दोघांना म्हणाले, "उभे काय राहिलात? धरा दोर!" मित्रांनो, त्या दिवशी मला बारा जणांनी ओढलं. असा थाट माझ्या आयुष्यात झाला नव्हता.

संध्याकाळी विशालने चुन्याने रेषा मारल्या. मुली आत शिरणार तोच दिपिका थांबली, सगुणाआजीपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, पहिली चढाई तुमची."

"गप गो. माझं वय काय!"

"वयाचं राहू द्या, चला." गुणाजी स्वतःच पलीकडे पकडीला उभा राहिला होता. "या, सगुणाबाय. बघू तुमचा दम."

सगुणाने पदर खोचला. ज्या मातीला तिने अर्धं आयुष्य घट्ट केलं, त्या मातीतली मध्यरेषा तिने पहिल्यांदा ओलांडली. "कबड्डी, कबड्डी," म्हणत ती हळूहळू पुढे गेली, गुणाजीच्या खांद्याला हात लावला आणि आपल्या पायांनी परत आली. कुणी तिला धरलं नाही. कुणाची छाती होती?

"गुणाजी, तू बाद!" ती ओरडली आणि सगळं मैदान नाचू लागलं.

आठवड्याने मुली गाडीने रोह्याला उतरून अष्टमीला खेळून आल्या. एक सामना जिंकल्या, एक हरल्या, आणि आपले फुटलेले गुडघे मला कितीतरी वेळ दाखवत बसल्या.

मित्रांनो, मोबाईल एकट्याने चालतो, मी चालत नाही. तुमच्या गावातही माझा एखादा भाऊ झाडाखाली पडला असेल. त्याच्यावर खुशाल बसा, खुशाल खेळ पाहा. पण संध्याकाळी पाच वाजता मोबाईल त्याच्या दांड्याला अडकवा आणि नऊ जणांना हाक मारा. दहावे तुम्ही.