चाचणीचा आवाज

"थांबवा. जरा मागे घ्या," हेडफोन कानांवर दाबून धरत प्राध्यापक म्हणाले.

ध्वनिमुद्रकाने टेप मागे फिरवून पुन्हा लावली. पियानोचा एक लांब स्वर विरत गेला, आणि तो पुरता विरण्याआधी अगदी तळाशी कसलीशी बारीक कुरकुर झाली.

"हे काय?"

"खुर्ची. काल याच जागी तुम्हाला श्वास ऐकू आला होता, सर."

"काल माझी चूक झाली असेल."

"आणि परवा?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. माणसाला जे ऐकू यावेसे वाटते तेच ऐकू येते, हे त्यांनी वर्गात जन्मभर सांगितले होते. दुसऱ्यांच्या कानांतला हा दोष त्यांना चटकन सापडे. स्वतःच्या कानांत तो सापडला तेव्हा काचा आधीच स्वच्छ होत्या, तरी ते पुसत राहिले.

कंपनी एका पियानोवादिकेच्या आयुष्यभराच्या ध्वनिमुद्रणांचा संच काढणार होती. तळघरातल्या टेपा वर आणून ध्वनिमुद्रक त्या एकेक करून स्वच्छ करत होता. प्राध्यापकांचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता. त्यांच्या बायकोचा होता. वादिका समोर स्वरलिपी ठेवून वाजवत असे, आणि तिच्या डाव्या हाताला बसून नेमक्या क्षणी पान उलटायचे काम त्यांच्या बायकोने पहिल्या ध्वनिमुद्रणापासून शेवटच्यापर्यंत केले होते. गेल्या वर्षी ती गेली. घरात तिची छायाचित्रे ढीगभर होती, आवाज मात्र कुठेच नव्हता. तिची वाक्ये त्यांना शब्दशः आठवत. पण ती हल्ली छापील मजकुरासारखी आठवू लागली होती. एक खोकला, एक उसासा, पान उलटण्याआधी घेतलेला एक श्वास, एवढे सापडले तरी पुरे, या हिशेबाने ते रोज सकाळी इथे येऊन बसत. ध्वनिमुद्रक टेपांमधला कचरा काढून टाकत होता आणि प्राध्यापकांना फक्त तो कचरा हवा होता. तरीही दोघांचे बरे जमले होते.

दुपारी वादिका आली. स्वच्छ केलेल्या टेपा ऐकून तिला मान्यता द्यायची होती. बोटांचे सांधे सुजल्यामुळे तिने पियानो कधीच सोडला होता; पाणीसुद्धा ती पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायली.

"हे अजून इथेच?" तिने ध्वनिमुद्रकाला विचारले.

"रोज येतात. माझ्याआधी."

"काही सापडलं का, प्राध्यापक?"

"काही संशयास्पद जागा आहेत."

"सापडायचं नाही." तिने पेला खाली ठेवला. "अहो, तिचा जराही आवाज आला की आम्ही तो टेक रद्द करायचो. पान फडफडलं, रद्द. ती शिंकली, रद्द. नंतर तीच टेप पुसून तिच्यावर पुन्हा वाजवायचे. बाजारात जे आलं, ते ती गप्प होती म्हणूनच आलं."

नमुना कसा निवडला गेला हे आधी तपासा, मग निष्कर्ष काढा, असे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडलेला माणूस नेमक्या त्याच टेपा चाळत बसला होता ज्यांतून त्याची बायको काळजीपूर्वक गाळलेली होती. प्राध्यापकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायरीची गुंडाळी केली, आणि कोट घालण्यासाठी ते उठले. कोटाची बाही काही केल्या सापडेना.

ध्वनिमुद्रकाने उठून ती धरली.

"बसा हो," वादिका म्हणाली. "एक रीळ आहे माझ्याकडे. वाजवायला लागायच्या आधी मायक्रोफोनची चाचणी व्हायची ना, तो भाग एरवी कापून टाकायचे. या रिळाचा तेवढा राहून गेला. त्यात ती बोलते."

"मग इतके दिवस—"

"तुम्हाला ऐकवायचं नाही, असं वचन घेतलं होतं तिनं माझ्याकडून."

"मला? का?"

"ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आणि मी वचन मोडायचं की नाही, ते तुम्हीच सांगा. मला आता ठरवता येत नाही."

नको ते निघाले तर? या शक्यतेचा प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे विचार केला. नवरा म्हणून आपण कसे होतो याची नोंद त्यांनी कधी ठेवली नव्हती; कोणी ठेवली असलीच तर ती त्या रिळात असणार. घरात आपण वाचत असलो की ती पावले न वाजवता चालायची, हेही त्यांना याच वेळी आठवले.

"आणा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वादिकेने रीळ आणले. ध्वनिमुद्रकाने ते यंत्रावर चढवले आणि हेडफोनऐवजी भिंतीवरचे स्पीकर सुरू केले. खरखर झाली. एक पुरुष दूरवरून म्हणाला, "बोला काहीतरी, आवाजाची पातळी बघायची आहे." आणि मग अगदी जवळून, मुद्दाम जाड केलेल्या आवाजात, शब्दाशब्दाला थांबत एक बाई बोलू लागली.

"हे बघ. आवाज म्हणजे काय? हवेचा दाब. तो वाढतो, कमी होतो. यात, मला सांग, रडण्यासारखं नेमकं काय आहे?"

कोणीतरी खुदकन हसले. ती वादिकेची तरुणपणीची हसण्याची तऱ्हा असावी, कारण इथे बसलेली वादिकाही तशीच हसली.

"वाजवण्याआधी माझे हात बर्फ व्हायचे," ती हळूच म्हणाली. "मग ती तुमचा आवाज काढून तुम्ही व्हायची. दर वेळी. मी हसले की म्हणायची, हं, कर सुरू."

प्राध्यापकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ध्वनिमुद्रक यंत्राच्या काट्याकडे एकटक पाहत होता.

"मी असं बोलत नाही," प्राध्यापक म्हणाले.

वादिकेने सुजलेले बोट वर करून त्यांना थांबायला सांगितले.

"'मी असं बोलत नाही,'" त्याच जाड आवाजात स्पीकर म्हणाला. आणि मग ते सोंग गळून पडले, आणि एक हलका, किंचित घोगरा, हसू आवरत असलेला आवाज खोलीत आला. "असंच म्हणतील बघ, हे ऐकलं तर. आणि मग दिवसभर गप्प. बिचारे! चल, हं, कर सुरू."

प्राध्यापक एकदम पुढे सरकले. त्यांनी तोंड उघडले. पण तोवर पहिला स्वर लागला होता, आणि वादन चालू असताना त्या खोलीत कोणी बोलत नसे.